सांगलीत नवं नाट्यसंकुल मागायचं, तर आधी काय ठरवायचं?

गावभागातली

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. शिक्षणाने आर्किटेक्ट, आणि कॉलेजात असल्यापासून हौशी नाटकात काम करते. आमच्या ग्रुपने महापालिकेला निवेदन द्यायचं ठरवलंय, की सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही शहरांसाठी मिळून एक नवं नाट्यसंकुल व्हावं. नुसतं निवेदन फाइलमध्ये जाऊन पडतं, म्हणून सोबत प्राथमिक आराखडाही जोडायचाय, आणि तो काढायचं काम माझ्याकडे आलंय.

विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते इथेच. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, आणि बालगंधर्व १९०५ मध्ये पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले ते मिरजेत. ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला, हे सगळं आपण अभिमानाने सांगतो. पण आमच्या एकांकिकेला तालमीची जागा हवी असली, की आम्ही कुणाच्या तरी गच्चीवर नाहीतर शाळेच्या वर्गात बाकं सरकवून उभे असतो.

आमच्या बैठकीत दोन तास चर्चा झाली ती एवढ्यावरच: खुर्च्या १२०० की १५००, समोर काच लावायची की दगड, आणि वर घुमट काढायचा का. मी गप्प बसून ऐकत होते. मला वाटतंय सुरुवातच चुकीच्या टोकाने होतेय. पण योग्य टोक कुठलं, हे ठामपणे सांगायला अनुभव कमी पडतो. रंगमंचामागे काम करणाऱ्या, प्रयोग लावणाऱ्या, बांधकाम केलेल्या लोकांनी कृपया लिहावं. कागदावर पहिली रेघ कशाची मारू?

विंगेतून

ताई, पहिली रेघ मारा ती टेम्पो उभा राहतो त्या जागेची. मनापासून सांगतोय.

मी नेपथ्य लावायची आणि लाइटची कामं करतो. सांगली, कराड, सातारा, कोल्हापूर, इचलकरंजी, जिथं बोलावतील तिथं. मुंबई-पुण्याची नाटकं दौऱ्यावर येतात तेव्हा दुपारचा प्रयोग एका गावात आणि रात्रीचा दुसऱ्या गावात असतो. सांगलीचा दुपारचा प्रयोग संपला की सगळा सेट उतरवून, बांधून, टेम्पोत भरून कोल्हापुरात पुन्हा उभा करायचा. मधे हातात येतात जेमतेम तीन-चार तास, त्यातला एक तास तर रस्त्यातच जातो. अशा वेळी टेम्पो थेट रंगमंचाच्या मागच्या दाराला लागतोय का, टेम्पोचा फाळका आणि मागचा ओटा एका उंचीला आहे का, दार निदान आठ फूट रुंद आणि बारा फूट उंच आहे का, यावर सगळा प्रयोग तरतो. मी अशा गावात काम केलंय जिथं फ्लॅट, म्हणजे सेटच्या रंगवलेल्या सुट्या भिंती, प्रेक्षकांच्या दारातून आत घेऊन, खुर्च्यांवरून हातोहात पुढं न्यावे लागतात. पावसाळ्यात तर ते भिजतात, रंग उतरतो, आणि आठ दिवसांनी दुसऱ्या गावात तो डाग लाइटखाली उठून दिसतो. गावाचं नाव घेत नाही. ज्यानं ते नाट्यगृह काढलं त्यानं समोरची पायरी फार देखणी केली होती.

मग रंगमंच. दर्शनी कमान, म्हणजे प्रेक्षकांना दिसणारी रंगमंचाची चौकट, ३६ फूट रुंद घ्या, खोली ३० फूट तरी घ्या, आणि विंगा, म्हणजे प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूच्या जागा, दोन्हीकडं मोकळ्या सोडा. आर्किटेक्ट लोक सगळ्यात आधी विंगाच कापतात, कारण नकाशात ती जागा रिकामी दिसते. ती रिकामी नसते हो. दुसऱ्या अंकाचा सोफा तिथंच उभा असतो, आठ नट तिथंच अंधारात उभे असतात, प्रॉपर्टीचं टेबल तिथंच. एका बाजूची विंग दुसऱ्या अंकाचा अख्खा सेट मावेल एवढी असली पाहिजे. आणि मागच्या पडद्याच्या पलीकडून एका विंगेतून दुसऱ्या विंगेत जायला वाट ठेवा. ती नसली तर नटाला बाहेरून, पावसातून वळसा मारावा लागतो.

फरशी घालू देऊ नका. रंगमंचाला लाकूडच हवं, तेही खाली वासे आणि पोकळी ठेवून बसवलेलं. आम्हाला फ्लॅटचा टेकू खिळ्यानं ठोकायचा असतो हा एक भाग. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाचणाऱ्याचे गुडघे. कथकवाली मुलगी असो नाहीतर लावणीवाली, सिमेंटवर दोन तास पाय आपटून वर्षानुवर्षं काय होतं ते त्यांना विचारा. पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष आपल्याच वाळवा तालुक्यातलं, अण्णा भाऊंचं वाटेगावही. विट्यात तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्या ठरतात. नाट्यसंकुल म्हणताना ही माणसं मनात असली पाहिजेत. त्यांच्या ढोलकीला आणि पायाला हा रंगमंच चालला पाहिजे.

वरची उंची. कमान २० फूट उंच असेल तर पडदा पूर्ण वर गडप व्हायला त्याच्या अडीच पट, म्हणजे ५० फुटांवर लोखंडी जाळी लागते. तेवढं परवडलं तर उत्तम. आपल्याकडं बहुतेक नाटकं एकाच बॉक्स सेटवर, म्हणजे तीन भिंतींच्या खोलीवर चालतात, त्यामुळं ३०-३५ फूट मिळाले तरी काम भागतं. पण संगीत नाटकाचे रंगवलेले पडदे गुंडाळायला आणि लाइटच्या आडव्या बारना वर-खाली करायला सोय पाहिजे. बार खाली आणता आला पाहिजे, म्हणजे पोरगं शिडीच्या टोकाला लोंबकळत स्पॉट फिरवत बसणार नाही.

आणि समोरचा लाइट. नटाच्या चेहऱ्यावर प्रकाश साधारण ४५ अंशांत वरून पडला तर डोळे दिसतात आणि मागं भिंतीवर सावली नाचत नाही. त्यासाठी प्रेक्षागृहाच्या छतात आडवा पूल लागतो, ज्यावर माणूस चालत जाईल. हे नकाशातच पाहिजे. नंतर कोण ठोकत नाही. नंतर होतं काय, बाल्कनीच्या कठड्याला चार स्पॉट बांधतात, प्रकाश सरळ नाकावर, आणि नट सपाट दिसतो. लाइट-साउंडची खोली मागं मधोमध, आणि तिची खिडकी उघडणारी. काचेमागं बसून आवाज कसा जातोय ते कळत नाही.

रंगपटाचं, म्हणजे नटांच्या तयार व्हायच्या खोल्यांचं लिहितो आणि थांबतो. रंगमंचाच्याच पातळीला, निदान दोन मोठ्या आणि दोन लहान खोल्या. प्रत्येकीला स्वतःचं स्वच्छतागृह. आरशाभोवती लाइट, कपडे टांगायला दांडी, इस्त्रीला जागा. बायकांच्या रंगपटाला आतून कडी. ही शेवटची गोष्ट लिहावी लागते याचं वाईट वाटतं, पण आराखड्यात लिहाच.

प्रयोग_लावणारा

विंगेतून यांचं पटलं, पण मी व्यवहाराचं बोलतो, कारण गल्ला माझ्या डोळ्यांसमोर असतो.

बाहेरचं व्यावसायिक नाटक आणायचं म्हणजे नटांचं मानधन, बस, टेम्पो, राहणं-जेवण, भाडं, जाहिरात. प्रेक्षागृह ७०० च्या खाली गेलं तर तिकीट एवढं महाग करावं लागतं की मास्तर आणि बँकेतला कारकून घरी बसतो. म्हणून फार लहान करू नका. पण १२००-१५०० ला माझा विरोध आहे. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून उभं आहे, पुण्यासारखं शहर, तरी ते हजाराच्या आतबाहेरच आहे. आपण दीड हजार करून काय साधणार? अर्धं रिकामं नाट्यगृह नटाला पहिल्या एन्ट्रीला दिसतं, आणि तिथून प्रयोग खाली जातो. दीड हजार खुर्च्या भरतात त्या सत्काराला, निरोप समारंभाला, पक्षाच्या मेळाव्याला. मग तारखा त्यांनाच मिळतात आणि नाटकाला उरतो मंगळवार.

७५० ते ८००. त्यावर जाऊ नका. आणि शेवटची खुर्ची रंगमंचापासून २० मीटरच्या आत. त्यापलीकडून नटाचे डोळे दिसत नाहीत, नुसते हात दिसतात.

दुसरं, बायकांची स्वच्छतागृहं पुरुषांच्या दुप्पट ठेवा. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. रांग संपत नाही म्हणून तिसरी घंटा थांबवावी लागते आणि रात्रीची शेवटची एसटी चुकते. तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडून लोक नाटकाला येतात, त्यांना ती एसटी फार महत्त्वाची.

तंबोरा_मिरज

मी गाण्याचे वर्ग घेते. तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यात गाणं कुठे आलंच नाही म्हणून लिहितेय.

मिरजेत तंबोरे आणि सतारी घडतात, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत होते, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची समाधी मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि उरुसात तिथे अजून गाणं होतं. असं गाव हाताशी असताना नव्या संकुलात मैफलीला जागा म्हणून आठशे खुर्च्यांचं नाट्यगृह आणि दोन मोठे स्पीकर मिळणार असतील, तर मला ते नको.

मला हवी आहे एक लहान खोली. दीडशे-दोनशे माणसांची, सपाट लाकडी जमिनीची, खुर्च्या हलवता येतील अशी. गाणाऱ्याला माइक लागू नये एवढी शांत. सकाळी तिथे सतरंजी घालून बैठक होईल, दुपारी मुलांचं बालनाट्य, संध्याकाळी तुमची एकांकिका, चारही बाजूंनी प्रेक्षक बसवून. मुंबईत जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ पासून आहे. जागा दोनशेच्या आसपास, प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात. तिथे किती नवे नट-लेखक घडले ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्याच एनसीपीए या कलाकेंद्रातही हजार जागांच्या टाटा थिएटरशेजारी तीनशेचं प्रायोगिक थिएटर वेगळं बांधलेलं आहे. मोठं आणि लहान दोन्ही लागतात. पैसे एकाचेच असले तर माझं मत स्पष्ट आहे: आधी लहान बांधा. मोठी जागा भाव्यांच्या नावाची सांगलीत आणि बालगंधर्वांच्या नावाची मिरजेत आहे. लहान जागा कुठेच नाही.

मोठं नाट्यगृह झालंच, तर पुढे वादकांचा खड्डा विसरू नका. ऑर्गन आणि तबला नटाच्या तोंडाकडे बघत वाजले पाहिजेत. विंगेत कोपऱ्यात बसवलेल्या ऑर्गनवाल्याला नटाचा श्वास दिसत नाही, आणि नाट्यपदात त्या श्वासावरच सगळं असतं. खड्ड्यावर फळ्या टाकून तो बंद करता यावा, म्हणजे बाकीच्या दिवशी रंगमंच पुढे वाढेल.

निवृत्त_साताऱ्याचा

मी साताऱ्याचा, सार्वजनिक इमारतींची कामं करून निवृत्त झालो. शाहू कलामंदिरात नाटकं बघत मोठा झालो, त्यामुळे विषय जवळचा आहे. ताई, तुम्ही आर्किटेक्ट आहात म्हणून थोडं आकड्यांत बोलतो.

आधी घुमटाचं. बोललेलं स्पष्ट ऐकू यायला भरलेल्या प्रेक्षागृहात आवाज विरायचा काळ एक सेकंदाच्या आसपास हवा. सॅबिनचं सूत्र तुम्हाला माहीत असेल: ०.१६१ गुणिले आकारमान, भागिले एकूण शोषण. ७५० खुर्च्या, दर खुर्चीमागे ४.५ घनमीटर धरले तर आकारमान ३३७५ घनमीटर होतं. एक सेकंद साधायला साधारण ५४३ एकक शोषण लागतं. गादीच्या खुर्चीवर बसलेला माणूस अर्धा एकक धरा, म्हणजे ३७५ एकक प्रेक्षकांनीच दिले. उरलेले पडदे, मागची भिंत, छत यांतून सहज मिळतात. आता वर घुमट काढून तेच आकारमान दुप्पट करा. प्रेक्षक तेवढेच, शोषण दुप्पट लागणार. ते नाही मिळालं तर नटाच्या एका वाक्यावर दुसरं चढतं. शिवाय अंतर्गोल घुमट आवाज एका जागी गोळा करतो, बाकीच्यांना मिळत नाही. घुमट हवाच असेल तर बाहेरच्या दालनावर काढा.

खुर्च्या गादीच्याच घ्या. रिकामी गादी जवळजवळ माणसाएवढा आवाज खाते, त्यामुळे तालमीत जे ऐकू येतं तेच प्रयोगात येतं.

दुसरं म्हणजे पाऊस. आपल्याकडे सभागृहांवर पत्रा टाकायची सवय आहे. जुलैत साताऱ्याला पत्र्याखाली नाटक बघून पाहा. प्रेक्षागृह आणि रंगमंच दोन्हींवर स्लॅब, किंवा पत्रा असलाच तर खाली वजनदार दुसरा थर आणि मधे पोकळी. वातानुकूलनाची यंत्रं आणि जनरेटर वेगळ्या पायावर, इमारतीला न चिकटवता. नळ्या रुंद ठेवा म्हणजे हवा सावकाश येईल आणि घरघर होणार नाही.

तिसरं, आणि सांगलीसाठी सगळ्यात महत्त्वाचं, कृष्णा. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा ५० च्या बऱ्याच पुढे. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड पाण्यात होते. नदीकाठची जागा फुकट मिळाली तरी घेऊ नका, विश्रामबागच्या बाजूला किंवा मिरज रस्त्याला सरका. कुठेही बांधलं तरी तळघर नको. वीजपुरवठ्याचं पॅनेल, लाइट कमी-जास्त करणारे डिमर, जनरेटर २०१९ च्या पूररेषेच्या वर. वादकांचा खड्डा ही इमारतीतली सगळ्यात खोल जागा असते, म्हणून जोत्याची उंची त्या खड्ड्याच्या तळावरून ठरवा. नदीखोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा माती परीक्षण झाल्याशिवाय पायाचा खर्च कुणालाही सांगू नका. तळाशी बल्बसारखा फुगवटा काढलेले पाइल, म्हणजे जमिनीतले खोल खांब, लागतील असं आत्ताच गृहीत धरा.

आणि आग. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. केशवरावांच्या जयंतीची आदली रात्र होती. मी दुसऱ्या दिवशी फोटो बघितले आणि बराच वेळ कुणाशी बोललो नाही. रंगमंच म्हणजे लाकूड, कापड, रंग आणि वीज एकत्र. कमानीत पोलादी अग्निरोधक पडदा, रंगमंचाच्या माथ्यावर धूर बाहेर काढणारी झडप, पडद्यांना अग्निरोधक प्रक्रिया, आणि सगळी दारं बाहेर उघडणारी, प्रयोग चालू असताना कुलूप नसलेली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ मध्ये ५९ माणसं गेली, त्यात वाट अडवणाऱ्या जादा खुर्च्या होत्या. हा खर्च कापायला सुचवणाऱ्याला आराखड्याला हात लावू देऊ नका.

गावभागातली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून जुना कागद बाजूला ठेवला आणि टेम्पोच्या ओट्यापासून सुरुवात केली. गंमत अशी की मागून पुढे येत गेले तर प्रेक्षागृहाचा आकार आपोआप आटोपशीर झाला, ७६० खुर्च्या, शेवटची खुर्ची रंगमंचापासून एकोणीस मीटरवर. समोरच्या दालनाला कमी जागा उरली, पण चालेल.

तंबोराताई, तुमची लहान खोली मी आता वेगळी इमारत म्हणून दाखवतेय, तिचं दार रस्त्यावरून स्वतंत्र. पैसे टप्प्याटप्प्याने आले तर ती आधी उभी राहू शकेल. ग्रुपमधल्या काहींना हे रुचणार नाही, मोठ्या इमारतीचं भूमिपूजन आधी व्हावं असं त्यांना वाटतं. मी भांडणार आहे.

एक प्रश्न राहिला. इमारत झाल्यावर ती चालवायची कुणी? निवेदनात हे मांडायचं का?

विंगेतून

मांडायचंच, आणि बांधकामाच्या आधी मांडायचं.

नाट्यगृहाला मॅनेजर लागतो, वीजवाला लागतो, आणि रंगमंच सांभाळणारा एक पगारी माणूस लागतो. हा तिसरा कुठंच नेमत नाहीत. शिपाई दार उघडतो, आणि मग बारची तार कधी तपासली, डिमरचं कुठलं चॅनेल गेलंय, हे कुणालाच माहीत नसतं. तार झिजली की लोखंडी बार नटाच्या डोक्यावर येतो, म्हणून ही जागा मंजूर करून घ्या. दरवर्षी देखभालीला ठरावीक रक्कम वेगळी काढायचा ठराव घ्या, आणि भाड्यातून आलेला पैसा त्याच खात्यात राहील असं लिहून घ्या. तो सर्वसाधारण खात्यात गेला की परत येत नाही.

तारखांचं पण. शनिवार-रविवार नाटकाला राखीव, निदान तीन महिने आधीपर्यंत. हौशी संस्थांना तालमीसह वेगळा दर, कारण राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या पोरांना रंगमंचावर एक तरी पूर्ण तालीम मिळाली पाहिजे, लाइटसकट. लोककलेच्या फडाला तोच दर.

नकाशा झाला की इथं टाका. विंगांची मापं मी स्वतः बघतो. आणि डाव्या विंगेत प्यायच्या पाण्याचा नळ दाखवा, तो सगळे विसरतात.